मॉरिशसची रात्र आणि पर्समधलं दुसरं कार्ड

मैत्रिणींनो, प्रवासाला निघताना आपण काय काय आठवणीने घेतो! दशम्या, चिवडा, लिंबाचं लोणचं, बामची बाटली, सेफ्टी पिना, मुलीचा जास्तीचा स्वेटर. पण पर्सच्या आतल्या कप्प्यात ते प्लॅस्टिकचं क्रेडिट कार्ड असतं ना, ते निवडताना आपण साडीला फॉल निवडतानाइतकंही डोकं लावत नाही. मी तरी लावलं नव्हतं. गेल्या मे महिन्यात मॉरिशसला एका रात्री डोळे उघडले, म्हणून हा लेख.

आमच्या घरात दोन कार्डं. एक ह्यांचं, काळंभोर, सोनेरी अक्षरांचं. मॉलमध्ये टेबल टाकून बसलेल्या एका चुणचुणीत मुलाने ते ह्यांच्या गळ्यात मारलं. वर्षाची फी चांगली घसघशीत, पण खर्च केला की पॉइंट, पॉइंट साठले की विमानाचं तिकीट, शिवाय विमानतळावर आरामखुर्चीत बसून फुकट खाणं! तीन वर्षं आमच्याकडे वाणसामान, विजेचं बिल, लेकीची शाळेची फी, सगळं त्या कार्डावर. डाळ आणायला पाठवलं तरी हे कार्डाचं दुकान शोधत दोन चौक पुढे जायचे.

दुसरं कार्ड माझं. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. माझा छोटासा पगार ज्या बँकेत जमा होतो, तिचंच हे साधं कार्ड. खर्चाची मर्यादा ऐंशी हजार, पॉइंट नावापुरते. घेतलं ते एका जुन्या आठवणीमुळे. २०१९ साली डोंबिवली लोकलमध्ये माझी पर्स मारली गेली होती, त्यात याच बँकेचं डेबिट कार्ड होतं. रात्री दहा वाजता मी रडवेल्या आवाजात फोन केला, तर पलीकडच्या माणसाने आधी कार्ड बंद केलं आणि मग म्हणाला, "मॅडम, आता पाणी प्या, बाकीचं सावकाश सांगा." बास, तेव्हापासून माझा त्या बँकेवर जीव. ह्यांनी मात्र माझ्या कार्डाचं नाव 'पोस्टाचं पाकीट' ठेवलं होतं.

तर तीन वर्षांच्या पॉइंटांतून चारपैकी एक तिकीट फुकट आलं, बाकीची तीन पैसे भरून काढली, आणि हे, मी, नऊ वर्षांची लेक आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई असे आम्ही मॉरिशसला निघालो. सासूबाईंचा हट्टच होता. त्यांच्या माहेरी, रत्नागिरीकडे, घराण्यातलं कुणीतरी फार पूर्वी 'मोरीसला' गेलं आणि परत आलंच नाही, असं त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. नाव नाही, गाव नाही, नुसती गोष्ट.

मुंबईहून सहा-साडेसहा तासांत विमान उतरतं. घड्याळ दीड तास मागे करायचं. व्हिसाची यातायात नाही, उतरल्यावरच शिक्का मिळतो. आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंना ऊस! मे महिना म्हणजे तिकडे थंडीची सुरुवात. उसाला करडे-गुलाबी तुरे आलेले, मागे ज्वालामुखीचे टोकदार डोंगर. सासूबाई खिडकीला नाक लावून म्हणाल्या, "हे तर आपलं कोल्हापूर!" आणि पाचच मिनिटांत निळाशार समुद्र दिसला तेव्हा, "नाही, गणपतीपुळे."

आमचा गाडीवाला मराठी घराण्यातला निघाला. तोंडात सदा क्रिओल भाषा, फ्रेंच वळणाची. इंग्रजी बरी. मराठी मात्र तुटक, शाळेत शिकलेली. तिकडे काही शाळांतून मराठी विषय असतो, आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, बरं का! कोकणातून गेलेल्या लोकांनी जाखडी नाचही तिथे जपला आहे. त्याचं आडनाव म्हणजे चक्क एक पहिलं नाव. उतरवून घेणाऱ्या गोऱ्या साहेबाने पणजोबाचं नाव जसं ऐकलं तसं लिहिलं, तेच आडनाव होऊन बसलं. आईंना तो पहिल्या दिवसापासून 'आजी' म्हणायचा.

पॅम्पलमूसची बाग पाहिली. तिथल्या तळ्यात परातीएवढी, कडा वर वळलेली कमळाची पानं असतात. लेक म्हणाली, "आई, यात आपण पुरणपोळ्या ठेवू." पुरणपोळीवरून आठवलं, तिकडे रस्तोरस्ती 'ढोल पुरी' मिळते. ढोल म्हणजे डाळ. वाटलेली डाळ भरलेली, तलम, मऊ पोळी, अगदी आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीण. दोन पोळ्यांची जोडी, आत पांढऱ्या वालांसारख्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, कागदात गुंडाळून हातात. मी दोन जोड्या खाल्ल्या, लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी गंगा तलाव. डोंगरावरचं हे विवराचं तळं. १९७२ साली भारतातून आणलेलं गंगाजल त्यात मिसळलं, तेव्हापासून ते तिथल्या हिंदूंचं तीर्थ. महाशिवरात्रीला अख्ख्या बेटावरून लोक पायी येतात. वाटेवरच १०८ फुटांचा मंगल महादेव उभा आहे. धुकं होतं, वारा बोचरा. सासूबाईंनी काठावर बसून ओंजळीत पाणी घेतलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. परतीची वाट शामारेलवरून, सात रंगांची माती बघत. वळणावळणाचा घाट. तिथेच त्यांना मळमळू लागलं. आम्हाला वाटलं, गाडी लागली असेल.

रात्री अकरापर्यंत सात-आठ उलट्या झाल्या. ओठ कोरडे पडले, बोलणं असंबद्ध होऊ लागलं. ब्लडप्रेशरची गोळीही पोटात ठरली नाही. हॉटेलातून गाडीवाल्याला फोन केला, तो वीस मिनिटांत आला आणि आम्हाला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर चांगले होते. त्यांनी लगेच सलाइन लावलं. पण रात्रभर ठेवून घ्यायचं तर अनामत भरावी लागेल, असं खिडकीवरच्या बाईने शांतपणे सांगितलं. रक्कम पंचवीस हजार मॉरिशियन रुपये. त्यांचा रुपया तेव्हा आपल्या पावणेदोन आणि दोन रुपयांच्या मधे होता, म्हणजे आपले सुमारे सत्तेचाळीस हजार. प्रवासाचा विमा काढला होता, नाही असं नाही. पण विमा कंपनीचं मंजुरीपत्र सकाळी येणार होतं, आणि खिडकीवर उभे होतो ते आत्ता.

ह्यांनी ऐटीत काळं कार्ड काढलं. पिन घातला. यंत्राने चिठ्ठी बाहेर टाकली: व्यवहार नाकारला. पुन्हा घातला. पुन्हा तेच.

कार्डामागे मोठ्या आकड्यांत १८०० चा फोन होता. भारतात तो फुकट लागतो, परदेशातून लागतच नाही, हे आम्हाला तिथे कळलं. बारीक अक्षरांत दुसरा नंबर होता, ९१ ने सुरू होणारा. तो चष्मा लावून वाचला. लागला, तर यंत्र बोलू लागलं. हिंदीसाठी दोन दाबा. नव्या कार्डासाठी एक दाबा. सोळा आकडे दाबा. मग म्हणे, तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, तो दाबा. आणि ह्यांचं भारतातलं सिम कुठे? माझ्या कुंकवाच्या डबीत! विमानतळावर स्वस्त पडतं म्हणून तिथलं सिम घातलं होतं ना. सेफ्टी पिनेने ते परत बसवलं, पण परदेशातली सेवाच चालू केलेली नव्हती. इथे चूक आमची होती, ती मी बँकेच्या माथी मारत नाही. पण त्यानंतर माणसाशी बोलायची वाट शोधेपर्यंत बावीस मिनिटं सतारीचं तेच ते संगीत ऐकलं, आणि शेवटी भेटलेला माणूस म्हणाला, "सर, आपकी रिक्वेस्ट नोट कर ली है, अडतालीस घंटे में जवाब मिलेगा." हे म्हणाले, "अहो, आई दवाखान्यात आहे." तो म्हणाला, "और कोई सहायता, सर?"

तेवढ्यात आमचा गाडीवाला पुढे आला आणि गप्पपणे स्वतःचं पाकीट उघडू लागला. तीन दिवसांची ओळख! त्या क्षणी ह्यांचा चेहरा कसा झाला, ते मी लिहू शकत नाही. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "थांब रे दादा, माझं कार्ड आहे."

तर माझंही नाकारलं. कारण काय, तर मीच शहाणपणा करून, चोरी झाली तर कमी जावं म्हणून, परदेशातल्या खर्चाची मर्यादा तीस हजारांवर ठेवली होती. पण माझा भारतातला नंबर चालू होता, शाळेतल्या मैत्रिणींच्या गप्पा चुकायला नकोत म्हणून! फोन लावला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. चौथ्या घंटेला एका मुलीने उचलला. मी हिंदीत सुरू केलं, पण माझं हिंदी ऐकून तिनेच विचारलं, "मॅडम, मराठीत बोलू या का?" मैत्रिणींनो, परक्या बेटावर, मध्यरात्री, औषधांच्या वासात तो आवाज कानावर आला आणि मला हुंदका फुटला.

तिने मला रडू दिलं. मग जन्मतारीख विचारली, मागच्या बिलाची रक्कम विचारली, शेवटचं कार्ड कुठे वापरलं ते विचारलं. म्हटलं, "दही आणि केळी घेतली काल." पिन विचारला नाही, ओटीपी सांगा म्हणाली नाही. म्हणाली असती तर मीच फोन ठेवला असता. मर्यादा वाढवली आणि म्हणाली, "मी लाइनवरच आहे, तुम्ही आता कार्ड लावा." लावलं. पैसे गेले. तिलाही पलीकडे दिसले असावेत, कारण माझ्याआधी तीच म्हणाली, "झालं. आता आजींकडे जा."

सगळं मिळून सहा मिनिटं.

सकाळी सासूबाई उठून बसल्या, चहा मागितला, आणि "इथला चहा व्हॅनिलाचा का गं?" म्हणून नाक मुरडलं, तेव्हा मला खात्री पटली की त्या बऱ्या आहेत. दुपारी त्याच बँकेतून फोन आला. मुलगी दुसरी, पण रात्रीची नोंद वाचून आली होती. आजी कशा आहेत विचारलं, आणि वाढवलेली मर्यादा पुन्हा खाली आणू का, तेही विचारलं. अनामतीतून उरलेले पैसे दहा दिवसांनी कार्डावर परत आले, विम्याचे पुढे दीड महिन्याने.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर गेलो. १८३४ पासून पुढे ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख मजूर करारावर भारतातून आणले गेले, त्यांच्यातले कितीतरी या धक्क्यावर उतरले. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. बिहारकडचे कलकत्त्याहून, दक्षिणेचे मद्रासहून, आणि आपले मुंबईहून. दगडी पायऱ्या अजून आहेत, काळ्या, झिजलेल्या. समुद्र आता मागे हटला आहे, मधे रस्ता आहे. सासूबाई पायऱ्यांपाशी उभ्या राहिल्या. त्या घराण्यातल्या माणसाचं नावही ठाऊक नाही, तरी त्यांनी हात जोडले. मग मला हळूच म्हणाल्या, "इथे आजारी पडला असेल, तर त्याने कुणाला हाक मारली असेल गं?"

आता तुम्ही म्हणाल, बाई, कार्ड कोणतं घ्यायचं ते सांगा. बँकेचं नाव मी सांगणार नाही. शाखा बदलते, माणसं बदलतात, उद्या तुम्हाला वेगळा अनुभव आला तर मला दूषण द्याल. पण परत आल्यावर मी काय केलं, ते सांगते.

आधी मला वाटलं, चार बँकांना रात्री अकराला फोन करून बघावं, कोण लवकर उचलतं. केलेही. सगळ्यांनी झटकन उचलले! कारण मी 'नव्या कार्डासाठी एक' दाबलं होतं. गिऱ्हाईक व्हायच्या आधी सगळेच गोड असतात, हे लग्न ठरवलेल्या बायकांना वेगळं सांगायला नको. म्हणून दुसरा मार्ग धरला. शिक्षकांच्या खोलीत, भिशीत, लोकलच्या डब्यात विचारत सुटले. 'तुला किती पॉइंट मिळाले' हे नाही विचारलं. 'तुझं कार्ड हरवलं होतं तेव्हा काय झालं? चुकीचं बिल आलं तेव्हा कोण भेटलं?' असं विचारलं. ज्या बाईचं काहीच बिघडलेलं नाही, तिचं मत घेऊ नका. जिच्या कार्डावर संकट येऊन गेलंय, तीच खरं सांगते. दोन दिवसांत मला चार बँकांची कुंडली कळली.

पॉइंटांचा हिशेबही एकदा कागदावर मांडून पाहा. समजा दीडशे रुपयांना चार पॉइंट आणि एका पॉइंटचे पंचवीस पैसे, तर दीडशेला एक रुपया. लाखाला सहाशे सहासष्ट. आणि परदेशात तेच कार्ड वापरलं, तर पुष्कळ बँका चलन बदलल्याचे साडेतीन टक्क्यांपर्यंत घेतात, त्यावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे लाखाला ४,१३० रुपये गेले! हा आकडा कार्ड घेतानाच विचारा. काही कार्डांवर तो बराच कमी असतो, काहींवर अजिबात नसतो. परदेशातल्या दुकानातलं यंत्र 'भारतीय रुपयांत भरू का?' असं विचारतं, तेव्हा नाही म्हणा, तिथल्याच चलनात भरा. त्या आपुलकीची किंमत आपल्याकडूनच वसूल होते. आणि बिल पूर्ण भरायचं नसेल, तर पॉइंटांचं नावही काढू नका. महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याजापुढे कसले पॉइंट!

काही गोष्टी तर मला या वयात कळल्या. २०२० च्या ऑक्टोबरपासून नवं कार्ड येतं ते देशातल्या दुकानांत आणि एटीएममध्येच चालणारं, परदेशातला वापर आपण स्वतः चालू करायचा असतो. निघण्यापूर्वी घरी बसून करा, विमानतळावर नको. आपली चूक नसताना कुणी परस्पर पैसे उडवले, आणि बँकेकडून कळल्यापासून कामाच्या तीन दिवसांत आपण तक्रार केली, तर आपलं काही जाऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. म्हणून तर फोन उचलणारी बँक हवी! आणि तो परदेशातून लागणारा ९१ चा नंबर एका चिठ्ठीवर लिहून पासपोर्टात ठेवा. कार्डच चोरीला गेलं, तर त्याच्या पाठीवरचा नंबर काय कामाचा?

काळ्या कार्डाची कथा पुढेही संपली नव्हती. दवाखान्यात नाकारलेली रक्कम पुढच्या बिलात हजर! तक्रार केली. दर आठवड्याला एकाच मजकुराचं उत्तर, फक्त तारीख बदललेली. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते, त्यांचा चौकशीचा फोन १४४४८. तिथे जाणार आहोत असं ह्यांनी एकतिसाव्या दिवशी कळवलं, आणि अडतिसाव्या दिवशी रक्कम वजा झाली.

मग ह्यांनी ते कार्ड बंद करायला सांगितलं. बाकी काही देणं नसेल, तर कामाच्या सात दिवसांत बंद करावंच लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये आपल्याला, हेही त्यांनी आता पाठ केलंय. गंमत म्हणजे बंद करायचं म्हटल्यावर त्या बँकेतून दिवसाला तीन फोन यायला लागले, तेही माणसांचे.

उरलेल्या पॉइंटांत तिकीट काही बसेना. आमच्याकडे त्यांची एक इस्त्री आली आहे. हे स्वतःचे शर्ट स्वतः करतात.